काळी वायर, नऊ हजार तास

"सदर इसम आमच्याकडे सन २००५ ते २०१७ या काळात इलेक्ट्रिशियन म्हणून कामास होता. त्याची वर्तणूक चांगली आहे. पुढील वाटचालीस शुभेच्छा."

माझ्या बारा वर्षांच्या कामाचा कागद एवढाच होता. तीन वाक्यं, खाली सही आणि जांभळा शिक्का. २०१७च्या नोव्हेंबरात बायको आणि मुलीसह कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात उतरलो, तेव्हा हा कागद फाइलमध्ये सगळ्यांत वर होता. त्याच्याखाली आयटीआयचं दोन वर्षांचं प्रमाणपत्र, अप्रेंटिसशिपचं प्रमाणपत्र आणि तारतंत्रीचा, म्हणजे वायरमनचा, परवाना. एवढं पुढे ठेवलं की काम मिळेल, अशी माझी समजूत होती.

नव्याने आलेल्यांना मदत करणाऱ्या एका केंद्रात समुपदेशक बाईंनी ते पत्र दोनदा वाचलं. म्हणाल्या, "तुम्ही चांगले आहात असं यात लिहिलंय. तुम्ही काय केलंत ते लिहिलेलं नाही." मग त्यांनी मला इथली रीत समजावून सांगितली. ती इथे नीट लिहितो, कारण मला ती निघण्याआधी कुणी सांगितली असती तर माझी काही वर्षं वाचली असती.

ओंटारिओत बांधकाम आणि देखभाल करणाऱ्या इलेक्ट्रिशियनच्या कामाला ३०९ए असा कोड आहे. हा सक्तीच्या परवान्याचा धंदा आहे. म्हणजे तुमच्याकडे सर्टिफिकेट ऑफ क्वालिफिकेशन तरी हवं, नाहीतर अप्रेंटिस म्हणून तुमची नोंदणी तरी हवी. दोन्हीपैकी काहीच नसेल तर पगार घेऊन या कामाला हात लावता येत नाही, मग तुम्ही कितीही वर्षं केलेलं असो. बाहेरून शिकून आलेल्यांसाठी ट्रेड इक्विव्हॅलन्सी असेसमेंट नावाचा एक रस्ता आहे. आपला अनुभव इथल्या अप्रेंटिसशिपच्या तोडीचा आहे हे कागदांनी सिद्ध करायचं. ते मान्य झालं तर थेट परीक्षेला बसायला मिळतं. आणि ३०९एची अप्रेंटिसशिप आहे ९,००० तासांची. त्यातले ८,१६० तास कामावर, ८४० तास वर्गात.

तासांचा आकडा ऐकून मला आधी हायसंच वाटलं. बारा वर्षांत माझे याच्या तिप्पट तास सहज झाले असतील. पण ते तास कुठे लिहिलेले होते? हजेरीचं रजिस्टर होतं, ते ठेकेदाराकडे. ठेकेदारांनी मी निघाल्यानंतर धंदा बंद केला आणि दुसऱ्या शहरात गेले. चार महिने मी फोन करत राहिलो. दोनदा लागला. "पाठवतो," म्हणाले. पत्र आलं नाही. माणूस वाईट नव्हता, त्यांच्याकडे बहुतेक काही उरलंच नव्हतं.

माझ्या ओळखीचा एक मुलगा माझ्या वर्षभर आधी इथे आला होता. तो आखातातल्या कंपनीत होता आणि निघताना त्याने चार पानी पत्र आणलं होतं. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, आठवड्याला किती तास, आणि त्या तासांत काय काय: पॅनेल बसवणं, केबल ट्रे, मोटर स्टार्टर, अर्थिंगच्या चाचण्या, फायर अलार्म. खाली सही करणाऱ्याचं पद, परवाना नंबर, फोन, ईमेल. त्या चार पानांवर तो सहा महिन्यांत परीक्षेला बसला. आम्हा दोघांच्या हातात फार फरक नव्हता. म्हणून ज्यांना जायचं आहे त्यांना माझं कळकळीने सांगणं आहे: विमानाचं तिकीट काढण्याआधी हे पत्र घ्या. जिथे जिथे काम केलंत तिथून घ्या. मालक लिहून देत नसेल तर मजकूर स्वतः तयार करून त्याच्यासमोर ठेवा आणि सही घ्या. कागद मराठीत असतील तर इथे प्रमाणित अनुवादकाकडून भाषांतर करून द्यावं लागतं. 'तारतंत्री' म्हणजे काय, हे माझ्या अनुवादकाला मलाच समजावून सांगावं लागलं होतं.

मी आलो तेव्हा हे सगळं ओंटारिओ कॉलेज ऑफ ट्रेड्स बघत असे. नावात कॉलेज असलं तरी तिथे शिकवत नसत, ती धंद्यांचं नियमन करणारी संस्था होती. १ जानेवारी २०२२पासून तिच्या जागी स्किल्ड ट्रेड्स ओंटारिओ ही संस्था आली. जुने लेख वाचून कुणी पहिल्या नावाने शोधत बसू नये म्हणून सांगितलं.

तोवर घर चालवायला मी एका गोदामात रात्रपाळी धरली. खोकी स्कॅन करायची, रांगेत लावायची. चौदाव्या रांगेवरचा एक दिवा सतत लुकलुकत असे. बॅलास्ट, म्हणजे चोक, गेलं आहे, हे खालून कळत होतं. शिडी दहा फुटांवर उभी असायची. मी चार महिने त्या दिव्याखालून गेलो. देश सोडल्याचं दुःख मला विमानतळावर झालं नव्हतं, ते तिथे झालं.

दिवसा अर्ज करायचो. सुरुवातीला अर्जावर 'इलेक्ट्रिकल सुपरवायझर' असं लिहीत होतो, कारण शेवटची चार वर्षं माझ्या हाताखाली सहा जण होते. एकही फोन आला नाही. जिथे स्वतः जाऊन विचारलं तिथे एकच प्रश्न: कॅनेडियन एक्स्पिरिअन्स आहे का? ओंटारिओच्या मानवी हक्क आयोगाने २०१३ सालीच धोरण काढलं आहे की अशी सरसकट अट घालणं हा सकृतदर्शनी भेदभाव ठरतो. धोरण आपल्या बाजूने असलं, तरी त्याने दुसऱ्या दिवशी सकाळी काम मिळत नाही. पण ते माहीत असलं की तो प्रश्न ऐकताना मान खाली जात नाही, आणि माझ्या लेखी हेही थोडं नव्हतं.

मग मी दोन गोष्टी बदलल्या. अर्जातून सुपरवायझर काढलं आणि हाताने काय करता येतं ते लिहिलं. दुसरं म्हणजे रात्रपाळीच्या पैशांतून उंचीवर काम करण्याचं प्रशिक्षण, म्हणजे वर्किंग अ‍ॅट हाइट्स, पुरं केलं. बांधकामावर उंचीवर काम करायचं तर २०१५पासून ते इथे सक्तीचं आहे आणि तीन वर्षांनी पुन्हा करावं लागतं. धोकादायक पदार्थांबद्दलचं व्हीमिसही केलं. हिरव्या त्रिकोणाचा शिक्का असलेले सुरक्षेचे बूट घेतले. आणि रात्रपाळी संपली की घरी न जाता इलेक्ट्रिक सामानाच्या घाऊक दुकानाच्या काउंटरशी जाऊन उभा राहू लागलो. सकाळी साडेसहाला छोटे ठेकेदार तिथे दिवसाचं सामान उचलायला येतात, चार-पाच माणसांवर काम चालवणारे. त्यांच्याकडे अर्ज वाचणारा कुणी नसतो, ते स्वतःच असतात. पाचव्या आठवड्यात एकाने विचारलं, "बूट आहेत? हाइट्सचं कार्ड आहे? सोमवारी ये."

मे २०१८मध्ये माझी अप्रेंटिस म्हणून नोंदणी झाली. पहिलं वर्ष, वय ३६. पगार पूर्ण कारागिराच्या पगाराच्या ठरावीक टक्क्यांवर सुरू होतो आणि टप्प्याटप्प्याने चढतो. पहिल्या टप्प्यात तो मला गोदामापेक्षाही कमी पडत होता. बायको म्हणाली, "बारा वर्षं केलंय, आणखी पाच काढू. गोदामात म्हातारे होण्यापेक्षा बरं." तिने तोवर पाळणाघरात काम धरलं होतं. तिच्या त्या वाक्यावर मी पाच वर्षं काढली.

आता जे सांगायला मी हे लिहायला बसलो ते सांगतो.

ज्या जर्नीपर्सनच्या, म्हणजे परवाना मिळालेल्या पूर्ण कारागिराच्या, हाताखाली मला दिलं, तो माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान होता. तिसऱ्या आठवड्यात आम्ही एका जुन्या घराच्या तळघरात काम करत होतो. स्विच काढून नवा बसवायचा होता. ब्रेकर मी पाडला होता, म्हणजे तिथली वीज बंद केली होती. पेटी उघडली, स्विच बाहेर ओढला, एक स्क्रू सैल केला आणि मोकळी झालेली काळी वायर बोटाने बाजूला करायला हात पुढे नेला. त्याने माझं मनगट धरलं. मागे ओढलं, काही बोलला नाही. मीटर लावला. ११९ व्होल्ट.

पॅनेलवरचं लेबल चुकीचं होतं, मी भलताच ब्रेकर पाडला होता. पण खरी चूक ती नव्हती. मी तपासलं नव्हतं, कारण मला तपासावंसं वाटलंच नव्हतं. मी शिकलो त्या वायरिंगमध्ये लाल, पिवळी, निळी हे फेज, म्हणजे करंट आणणाऱ्या तारा, काळी न्यूट्रल, म्हणजे परतीची, हिरवी अर्थिंग. काळी म्हणजे न्यूट्रल हे मला आठवावं लागत नाही, ते बोटांना ठाऊक आहे. इथे न्यूट्रल पांढरी. काळी जिवंत, म्हणजे करंट असलेली. थ्री-फेजमध्येही लाल, काळी, निळी असे तीन फेज, म्हणजे काळी तिथेही जिवंतच. हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. कुणी विचारलं असतं तर बरोबर उत्तर दिलं असतं. हाताला मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

त्याने खिशातून मार्कर काढला आणि समोरच्या उघड्या ड्रायवॉलवर लिहिलं: पांढरी न्यूट्रल, काळी जिवंत, लाल जिवंत, उघडं तांबं अर्थ. मग म्हणाला, "आणि पांढरीवरही विश्वास ठेवू नकोस. जुन्या घरांत स्विचला जाणारी पांढरी जिवंत असू शकते. आधी मीटर." ती भिंत पुढे रंगवली गेली. ते घर माझ्या रस्त्यावर लागतं, आणि त्या रंगाखाली काय लिहिलंय ते मला माहीत आहे.

त्या दिवसापर्यंत माझ्या मनात एक राग होता, तो खरा सांगतो. मला पुन्हा पहिलीत बसवलं याचा राग. बारा वर्षं काम केलेला माणूस आणि केबल ओढायला, भोकं पाडायला ठेवलाय. त्या संध्याकाळी तो राग गेला. माझा अनुभव खोटा नव्हता, पण तो तसाच्या तसा इथे आणला तर तो मला किंवा माझ्या शेजारी उभ्या असलेल्याला मारू शकत होता.

मग मी हाताला शिकवायला बसलो. कामावरून उरलेले केबलचे तुकडे आणि लाकडाचे दोन ठोकळे घरी आणले, त्यावर चार पेट्या ठोकल्या. रोज जेवणानंतर अर्धा तास. केबल सोलायची, काळी ब्रेकरकडची, पांढरी न्यूट्रलची, तांबं हिरव्या स्क्रूला, जोड बांधायचा, सोडायचा, पुन्हा. आपल्याकडे जोड म्हणजे पिळा मारून वर टेप. इथे जोडावर टोपीसारखा कनेक्टर फिरवून घट्ट बसवायचा, त्याला सगळे मॅरेट म्हणतात, आणि तो जोड पेटीतच हवा, पेटी कधीही उघडता येईल अशी हवी. पेटीत वायर किती सोडायची तेही ठरलेलं: किमान १५० मिलिमीटर. मुलगी शेजारी अभ्यास करायची आणि मधेच विचारायची, "बाबा, ही कुठली?" मी न बघता हात लावलेली वायर कुठली ते सांगायचो. महिन्याभराने चुकणं थांबलं. कामावर मात्र मी आजही आधी मीटर लावतो.

सवयी अशा कितीतरी निघाल्या. आपला स्विच खाली दाबला की चालू, इथला वर केला की चालू. पहिल्या महिन्यात तीन स्विच मी उलटे बसवले होते. आपल्याकडे विटांच्या भिंतीत झिरी मारून पाइप दडवायचा. इथे घर लाकडी फळकुटांचं, त्यांना भोकं पाडून केबल ओवायची, आणि भोक फळकुटाच्या कडेपासून ३२ मिलिमीटर आत हवं, नाहीतर लोखंडी पट्टी ठोकायची, म्हणजे उद्या कुणी चित्र टांगायला स्क्रू मारला तर तो केबलमध्ये जाणार नाही. स्क्रूसुद्धा चौकोनी खाचेचे, १९०८ साली पी. एल. रॉबर्टसन या कॅनेडियन माणसाने शोधलेले. एकदा हाताला बसले की दुसरे नकोसे होतात. वायरची जाडी आपण एमएममध्ये बोलतो, इथे गेजमध्ये, आणि नंबर वाढला की वायर बारीक. १४ नंबरला १५ अँपिअर, १२ नंबरला २० अँपिअर.

व्होल्टेज निम्मं आहे म्हणून धोका निम्मा, असं बऱ्याच जणांना वाटतं, मलाही वाटलं होतं. १२० व्होल्ट माणूस मारायला पुरतो. शिवाय तेवढ्याच कामाला करंट दुप्पट लागतो. १५०० वॉटचा हीटर २३० व्होल्टवर साडेसहा अँपिअर खातो, इथे साडेबारा. सैल राहिलेला जोड तेवढ्यात तापतो. लाकडाच्या घरात तापलेला जोड म्हणजे काय, ते सांगायला नको.

वर्गातले ८४० तास तीन टप्प्यांत झाले. त्या काळात पगार नसतो, पण रोजगार विम्यातून कमाईच्या ५५ टक्क्यांपर्यंत मिळतं, कमाल मर्यादा असते; शिवाय अप्रेंटिसला एका सत्राला ४,००० डॉलरपर्यंत बिनव्याजी कर्ज मिळतं. या दोन्हीवर आम्ही तरलो. माझ्या बाकावर एकोणीस-वीस वर्षांची मुलं. थिअरी मला जड नव्हती. थ्री-फेजच्या स्टार जोडणीला इथे वाय म्हणतात आणि इमारतीत ३४७/६०० व्होल्टची व्यवस्था असते, एवढं बदललं की बाकी गणित तेच. मला जड गेलं ते कॅनेडियन इलेक्ट्रिकल कोडचं इंग्रजी. एका नियमात दुसऱ्याचा हवाला, त्यात तिसऱ्याचा अपवाद. शेजारचा मुलगा इंग्रजी वाचून दाखवायचा, मी त्याला थ्री-फेज शिकवायचो. घराचा एकूण लोड काढायचा नियम ८-२०० आम्ही असाच पाठ केला: पहिल्या ९० चौरस मीटरला ५००० वॉट, पुढच्या प्रत्येक ९० चौरस मीटरला किंवा त्याच्या भागाला १००० वॉट, मग शेगडी, मग बाकीचं. तो मुलगा आता पश्चिमेकडे काम करतो. दर महिन्याला फोन येतो.

२०२३च्या वसंतात तास भरले. परीक्षा रेड सीलची, म्हणजे इतर प्रांतांतही मानली जाणारी: चार पर्यायांचे प्रश्न, चार तास, कोडचं पुस्तक तिथेच देतात, उत्तीर्ण व्हायला ७० टक्के. मला ६६ मिळाले. निकालाबरोबर कोणत्या भागात किती बरोबर, तेही येतं. मोटर आणि कंट्रोल उत्तम होतं. सिग्नल आणि संदेशवहनात, म्हणजे मुख्यतः फायर अलार्ममध्ये, मी पडलो होतो. पाच वर्षं घरांमध्येच काम केलेलं, मोठ्या इमारतीचं पॅनेल मी क्वचित उघडलेलं. मालकाला ते कागद दाखवले आणि सांगितलं की मला या कामावर घाला. त्याने एका शाळेच्या इमारतीवर दोन महिने घातलं. ऑक्टोबरात पुन्हा बसलो आणि पास झालो. प्रमाणपत्रावर लाल मोहोर असते. तिच्यामुळे दुसऱ्या प्रांतातही ते चालतं. घरी आल्यावर ते मी त्या जुन्या तीन वाक्यांच्या पत्राशेजारीच ठेवलं. पत्र फेकलेलं नाही. ते खरं आहे, अपुरं आहे एवढंच.

गेल्या वर्षी मालकाने माझ्या हाताखाली एक नवा अप्रेंटिस दिला. वय ४१, सतरा वर्षांचा अनुभव, माझ्यासारखाच काळी वायर न्यूट्रल मानणाऱ्या देशातून आलेला. पहिल्या दिवशी तो फार बोलला नाही. केबल ओढताना जबडा आवळलेला. मी ओळखलं. दुपारी एक पेटी उघडून मी बाजूला उभा राहिलो आणि त्याचा हात कुठे जातो ते बघत राहिलो. ब्रेकर मी स्वतः पाडला होता, मीटरने तीनदा तपासलं होतं. त्याचा हात काळीकडे गेला.

मी मार्कर काढला.

शुक्रवारी त्याने लॉगबुक पुढे केलं. आठवड्याचे चाळीस तास एका आकड्यात लिहून चाललं असतं. मी गाडीच्या बॉनेटवर वही ठेवून सविस्तर लिहिलं: १४ नंबरची केबल ओढणे, सहा तास, पेट्या बसवणे आणि जोड, अकरा तास, पॅनेलमध्ये ब्रेकर जोडणे, देखरेखीखाली, चार तास, असं चाळीसपर्यंत. खाली माझं नाव, सर्टिफिकेट नंबर, तारीख. तो शेजारी उभा राहून एकेक ओळ वाचत होता.